डिटेक्टरने सोनं शोधताना: आधी कान तयार करा

डिटेक्टरला सोनं ओळखता येत नाही. शिशाचा छर्रा, कॅनच्या झाकणाची कडी आणि अर्ध्या ग्रॅमचा सोन्याचा दाणा हेडफोनमध्ये जवळपास सारखेच वाजतात. म्हणून शिकताना एकच नियम पाळा: वाजलं की खणायचं.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वायव्येला बॅलरॅट, बेंडिगो, डनॉली हा पट्टा 1851 पासून खणला जातोय. 1869 साली मोलियागुलला ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा गोळा जमिनीखाली जेमतेम 3 सेंटिमीटरवर सापडला. 1980 मध्ये किंगॉवरला 27 किलोंचा ‘हँड ऑफ फेथ’ मिळाला, तो डिटेक्टरनेच. तुमच्या वाट्याला मात्र तांदळाच्या दाण्याएवढं सोनं येईल असं धरूनच यंत्र लावा. निघण्यापूर्वी ‘मायनर्स राइट’ परवाना काढा, तो 10 वर्षं चालतो. शेतात जायचं तर मालकाची परवानगी हवी, आणि बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे.

तिथली लाल माती लोहखनिजाने भरलेली असते. साधा व्हीएलएफ डिटेक्टर, म्हणजे कमी वारंवारतेच्या लहरी अखंड सोडणारा, अशा जमिनीवर सतत कुरकुरतो. पल्स इंडक्शन यंत्र स्पंद सोडून थांबतं आणि धातूत उरलेला प्रवाह विरताना ऐकतं, त्यामुळे माती त्याला तितकी फसवत नाही. महाग असतं, म्हणून आधी भाड्याने घेऊन बघा. कॉइल म्हणजे दांड्याच्या टोकाची तबकडी; मोनोमध्ये एकच वेटोळं स्पंद सोडतं आणि ऐकतंही. 11 इंची गोल मोनो कॉइल सुरुवातीला पुरे.

जागेवर पोचल्यावर आधी नॉइज कॅन्सल, म्हणजे आसपासचा विद्युत गोंगाट यंत्राला गाळायला लावणं. मग ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र तिथल्या मातीशी जुळवणं: कॉइल गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीलगत आणा, पुन्हा वर न्या. खालीवर करूनही आवाज सपाट राहिला की झालं. मातीचा रंग बदलला की पुन्हा करा. हे विसरल्यामुळेच बरेच जण यंत्राला दोष देतात. थ्रेशोल्ड, म्हणजे मागची अखंड गुणगुण, कानाशी डास असल्याइतकी बारीक ठेवा. सोन्याच्या दाण्याने कधीकधी फक्त त्या गुणगुणीला बारीक बाक येतो, दणदणीत आवाज होत नाही. सेन्सिटिव्हिटी पूर्ण चढवली तर हा बाक गोंगाटात बुडतो.

सरावाला मासेमारीची शिशाची वजनं घ्या, अर्धा, एक आणि दोन ग्रॅमची. 5, 10, 15 सेंटिमीटरवर पुरा आणि तासभर नुसतं ऐका.

कॉइल जमिनीला घासेल इतकी खाली हवी. हात झोपाळ्यासारखा फिरला की दोन्ही टोकांना कॉइल उचलली जाते आणि खोली तिथेच हरवते. दीड मीटरच्या फेरीला तीन-चार सेकंद द्या. मोनो कॉइलची पकड खाली निमुळती होत जाते, म्हणून प्रत्येक फेरीत पुढे सरकायचं ते अर्ध्या कॉइलइतकंच. कंटाळवाणं आहे, पण घाईत सुटलेला दाणा तुम्हाला कळतही नाही. अंगठी, घड्याळ काढून ठेवा, मोबाइल कॉइलपासून लांब, बूट लोखंडी टोपीचे नकोत. पालापाचोळ्याने झाकलेल्या जुन्या विहिरीसारख्या खाणी आणि उन्हाळ्यातले साप, दोन्हींसाठी नजर पायाशी हवी.

आवाज आला की आडव्या दिशेनेही कॉइल फिरवा. मग बुटाने किंवा कुदळीने वरची 3-4 सेंटिमीटर माती खरवडा. पसरट आवाज विरला तर तो मातीचा होता. ठिकाणही सरकलं तर बहुधा काळा लोहदगड, ज्याला तिथे हॉट रॉक म्हणतात. आवाज जागच्या जागी धारदार झाला तर खणा, पण बाजूने. नेम धरून घाव घातला तर दाण्यावर चरा पडतो. कुदळीला चुंबक लावलेलं असलं की खिळे त्यालाच चिकटतात.

खड्डा शांत झाला की वस्तू बाहेरच्या ढिगात आहे. प्लॅस्टिकच्या स्कूपमध्ये मूठभर माती घेऊन जमिनीवर ठेवलेल्या कॉइलवरून फिरवा. वाजली तर अर्धी दुसऱ्या हातात घ्या, पुन्हा फिरवा. जी वाजेल ती ठेवा, उरलेली टाका. चार-पाच वेळा अर्धं करत गेलं की चिमूटभर माती उरते. आता ती कॉइलवर चिमटीने थोडी थोडी सोडा, दाणा पडताच टक् वाजेल. पिवळं दिसलं तरी खड्डा लगेच बुजवू नका. आधी तळ आणि कडा पुन्हा ऐका, कारण शेजारी दुसरा दाणा असू शकतो. मग माती नीट दाबून भरा. परवान्याची अटही तीच आहे.