एम टू की केमन? स्पोर्ट्स कार निवडताना कोल्हापूरच्या ग्राहकांनी या चुका टाळाव्यात

बीएमडब्ल्यू एम टू आणि पोर्शे ७१८ केमन या दोन गाड्यांची तुलना बहुतेक ग्राहक माहितीपत्रकांतील आकडे शेजारी शेजारी मांडून करतात आणि तिथेच फसतात, कारण त्या आकड्यांची मापे एकसारखी नसतात आणि ज्या रस्त्यावर ते घेतलेले असतात त्याचा राजारामपुरीतील गल्लीशी किंवा गगनबावड्याच्या वळणांशी काडीचा संबंध नसतो. एम टूची सध्याची पिढी भारतात मे २०२३ मध्ये ९८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली. ७१८ च्या पेट्रोल गाड्यांचे उत्पादन पोर्शेने २०२५ मध्ये थांबवले, त्यामुळे केमन हवी असलेल्याला आता मुख्यतः जुन्या बाजारातच शोध घ्यावा लागतो. निवड अशी नवी एम टू आणि कोणीतरी वापरलेली केमन यांच्यातली आहे, आणि दोन्हीकडच्या चुका वेगळ्या आहेत.

वेगळ्या मापांचे आकडे एकाच तागडीत टाकणे

सर्वाधिक गोंधळ वजनाचा होतो. युरोपातील कंपन्या एकाच गाडीची दोन वजने छापतात. त्यांपैकी डीआयएन या जर्मन पद्धतीचे वजन चालकाविना असते आणि युरोपीय संघाच्या पद्धतीत चालकाचे ७५ किलो धरलेले असतात. २०२३ ची ऑटोमॅटिक एम टू डीआयएन पद्धतीने १,७२५ किलोची आहे आणि दुसऱ्या पद्धतीने १,८०० किलोची. पीडीके या पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची साधी केमन अनुक्रमे १,३६५ आणि १,४४० किलोची आहे. एका गाडीचे एक आणि दुसरीचे दुसरे वजन उचलले की ३६० किलोंचा खरा फरक कधी ४३५, तर कधी २८५ किलो दिसतो.

शक्तीच्या आकड्यांतही असेच होते. २०२३ च्या एम टूचे ४६० हे पीएसमधील, म्हणजे मेट्रिक अश्वशक्तीतील होते. ब्रिटिश बीएचपीत ते साधारण ४५३ भरतात, आणि भारतीय जाहिरातींत ही दोन्ही एकके सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. अमेरिकी चाचण्यांतील शून्य ते साठ मैल म्हणजे ताशी ९६.६ किलोमीटरपर्यंतचा वेळ, शिवाय तेथे गाडी पहिला फूटभर सरकल्यानंतरच घड्याळ सुरू करण्याची पद्धत आहे. असा आकडा युरोपातील शून्य ते शंभरच्या आकड्याशेजारी ठेवला की अमेरिकेत तपासलेली गाडी आपोआप जिंकते.

मापे सारखी केल्यावर चित्र स्पष्ट होते. २०२३ च्या एम टूला दर टनामागे सुमारे २६७ पीएस मिळतात, तर दोन लिटर टर्बो इंजिनाच्या, ३०० पीएसच्या केमनला सुमारे २२०. शून्य ते शंभरसाठी त्याच एम टूच्या ४.१ सेकंदांसमोर केमनचा वेळ ४.९ सेकंद आहे. कागदावर एम टू निर्विवाद वेगवान ठरते. मात्र चौपदरी राष्ट्रीय महामार्गावर केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादाच ताशी १०० किलोमीटर आहे, त्यामुळे या आठ दशांश सेकंदांसाठी निर्णय फिरवणे मला तरी पटत नाही.

टायरच्या आकड्यांकडे डोळेझाक करणे

माझ्या मते ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि शोरूममध्ये तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. एम टूचे मागचे टायर २८५/३० आर २० मापाचे आहेत. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या बाजूच्या भिंतीला आहे ते सांगतो. हिशेब केला तर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये साडेपंच्याऐंशी मिलिमीटर रबर उरते. साध्या केमनचे मागचे टायर २६५/४५ आर १८ चे असतात. तेथे ही भिंत ११९ मिलिमीटर भरते. जुलैमध्ये डांबर उखडलेल्या रस्त्यावर, पाण्याने भरलेला खड्डा ताशी साठच्या वेगाने आला, तर टायरची भिंत चिरणे आणि रिम वाकणे यांच्याआड हे तेहतीस मिलिमीटरच असतात. जुन्या बाजारात पूर्वीच्या मालकाने हौसेने वीस इंची चाके बसवलेल्या केमन दिसतात. त्या देखण्या दिसतात, पण आपल्याकडच्या रस्त्यांसाठी केमनचा जो मोठा गुण आहे तोच त्यांनी घालवलेला असतो.

दोन्ही गाड्यांत स्टेपनी नसते. तिच्या जागी मिळणारे पंक्चर भरण्याचे द्रव टायरच्या तळव्यातील लहान छिद्र बुजवते, चिरलेली बाजू बुजवत नाही. अशा वेळी करूळ घाटात उभ्या राहिलेल्या गाडीसाठी ती पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवावाच लागतो, कारण दोरी बांधून ओढत नेल्यास पुढचा बंपर जातो. या मापाचे टायर गावातल्या दुकानात तयार मिळतील अशी अपेक्षाही धरू नये. पोर्शेसाठी मंजूर टायरवर एन अक्षर व अंक असतो, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा असतो. जुनी गाडी पाहताना ही खूण चारही टायरवर सारखी आहे का, आणि शेजारचा चार अंकी तारीख-क्रमांक काय सांगतो, हे वाकून वाचावे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी असा टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा.

परक्या रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह घेणे

पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यावर घेतलेल्या वीस मिनिटांच्या फेरीत दोन्ही गाड्या आवडतातच. स्पीडब्रेकरचे शास्त्रशुद्ध माप भारतीय रस्ते काँग्रेसने दहा सेंटिमीटर उंची आणि ३.७ मीटर रुंदी असे दिले आहे. त्या मापाचा उंचवटा या गाड्या तिरक्या घेऊन सावकाश ओलांडता येतो. अडचण गल्लीतील मंडळींनी रातोरात घातलेल्या, अरुंद आणि उभ्या उंचवट्यांची आहे. म्हणून आधी आपल्या घरापासून महामार्गापर्यंतचे दोन-तीन वाईट स्पीडब्रेकर आणि पार्किंगच्या उताराचा तळ टेपने मोजून घ्यावा, शोरूममध्ये जाताना त्या उंचीचा लाकडी ठोकळा बरोबर न्यावा, आणि गाडीत दोन धट्टीकट्टी माणसे बसवून तो नाकाखालून व दोन्ही चाकांच्या मधोमध सरकवून पाहावा. विक्रेता हसेल, हसू द्यावे.

याच फेरीत माणसांचा आणि सामानाचाही विचार करावा. एम टूमध्ये चार आसने आणि ३९० लिटरची डिकी आहे. केमन दोघांचीच आहे. तिच्या पुढच्या डिकीत १५० आणि मागच्या डिकीत २७५ लिटर सामान मावते. घरात दुसरी मोठी गाडी असेल तर ही उणीव ठरत नाही.

ऑन-रोड किमतीचा अंदाज बांधणे

महाराष्ट्रात आयात केलेल्या आणि कंपनीच्या नावे नोंदलेल्या गाड्यांवर एकरकमी कर २० टक्के आहे, आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतील अनेक उद्योजक गाडी फर्मच्या नावे घेण्याचा विचार करतात. एम टू पूर्ण बांधणीत आयात होत असल्याने पासिंगच्या करात त्यामुळे फारसा फरक पडत नाही, आणि अशा प्रवासी गाडीवरील जीएसटीचा परतावा सर्वसाधारण व्यवसायाला मिळत नाही. घसाऱ्याचा फायदा असतो, तो आपल्या सीएकडून आकड्यांत मांडून घ्यावा. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, घेतो. तो विवरणपत्रात वळता करता येतो, हे अनेकांच्या लक्षातच राहत नाही.

विम्यात तृतीय पक्षाचा हप्ता दीड लिटरवरील सर्व खासगी गाड्यांना सारखाच, वर्षाला ७,८९७ रुपये अधिक कर असा असतो. खरा खर्च स्वतःच्या गाडीच्या संरक्षणाचा आहे, आणि त्यात इंजिन संरक्षणाचे पूरक कलम वगळून चार पैसे वाचवणे कोल्हापुरात तरी शहाणपणाचे नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले होते. जमिनीलगत बसणाऱ्या अशा गाडीच्या इंजिनात हवेबरोबर पाणी गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही.

जुनी केमन ओळखीच्या मेस्त्रीला दाखवून घेणे

केमनचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते आणि त्यावर उघडता येईल असे बॉनेटच नसते. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट भरण्याची दोन झाकणे तेवढी दिसतात, ऑइल मोजण्याची पट्टीही नसते. त्यामुळे बॉनेट उचलून, कान देऊन परीक्षा करणाऱ्या मुरलेल्या मेस्त्रीचेही येथे काही चालत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन, खालची आवरणे काढूनच ती पाहावी लागते.

त्याबरोबर अधिकृत वर्कशॉपमधून इंजिनच्या संगणकातील ओव्हर-रेव्ह नोंदी काढून घ्याव्यात. इंजिन ठरलेल्या मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले हे तेथे सहा टप्प्यांत नोंदलेले असते आणि ते इंजिनच्या कितव्या तासाला घडले हेही कळते. वरच्या टप्प्यांत आकडे असतील आणि तास अलीकडचे असतील तर मी ती गाडी सोडून देईन, रंग कितीही मनात भरला असला तरी. पुराच्या पाण्यातून आलेली गाडी ओळखण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. पॉलिश करणारे तेथवर पोहोचत नाहीत आणि गाळाची रेघ पट्ट्यावर तशीच राहते.

परराज्यातील गाडी स्वस्त मिळते तेव्हा तेथील आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, कर्ज फेडल्याचे बँकेचे पत्र आणि येथे भरावा लागणारा कर धरूनच किंमत ठरवावी. बेळगाव जवळ असल्याने केए नंबर तसाच ठेवून फिरवण्याचा मोह होतो, पण गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ राज्यात राहणार असेल तर नवी नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे.

ट्रॅकवरही विमा चालेल असे समजणे

शर्यत आणि वेगाच्या चाचण्या नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेल्या असतात. चेन्नईजवळच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर गाडी नेण्याचा बेत असेल, तर तेथील भिंतीवर धडकल्याचा खर्च आपलाच आहे असे धरून चालावे.

पावसाळाभर गाडी झाकून ठेवणे आणि रोज पाच मिनिटे चालू करणे

घरोघरी हा उपाय काळजी म्हणून केला जातो. प्रत्यक्षात थंड इंजिन पाच मिनिटे उभ्याउभ्या चालवल्याने बाष्प ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते, ते उडून जाण्याइतकी उष्णता येतच नाही, आणि स्टार्ट करताना खर्च झालेली बॅटरी भरूनही निघत नाही. त्याऐवजी बॅटरीला ती भरलेली ठेवणारा मेंटेनर चार्जर जोडून ठेवावा, टायरमधील हवा महिन्यातून एकदा तपासावी, आणि उघडीप मिळेल तेव्हा ऑइल पूर्ण तापेपर्यंत, निदान अर्धा तास, गाडी रस्त्यावर चालवून आणावी. उसाच्या फडालगत बंगला असेल तर तोडणीच्या हंगामात उंदीर वायरिंगपर्यंत येतात. एम टूचे बॉनेट उघडून ते दिसू शकते, केमन मात्र त्यासाठी लिफ्टवर घ्यावी लागते, म्हणून तिच्या खालच्या बाजूची तपासणी दिवाळीनंतरच्या सर्व्हिसमध्ये लेखी सांगून करून घ्यावी.