शेवटच्या आजारपणात त्रास मोजायचा कसा?

"कसं वाटतंय?" असं विचारलं की बहुतेक रुग्ण "बरं आहे" म्हणून मोकळे होतात, मुलगा-सून समोर असतील तर नक्कीच. म्हणून आकडा विचारावा. त्यासाठी १९९१ साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये तयार झालेला तक्ता सोपा आहे. दुखणं, थकवा, झोपाळूपणा, मळमळ, भूक, धाप, उदासी, धास्ती आणि एकूण प्रकृती, प्रत्येकाला ० ते १०. शून्य म्हणजे त्रास नाहीच, दहा म्हणजे परमावधी. विचारायचं ते या घडीचं, आठवड्याचं नाही.

भूक हमखास चुकते. चांगली लागते म्हणून माणूस खुशीत "दहा" सांगतो आणि वहीत अन्नावरची वासना उडाल्याची नोंद होते. त्यापेक्षा "जेवण किती नकोसं वाटतं?" असं विचारा. थकवा आणि झोपाळूपणाही वेगवेगळे विचारा: मॉर्फिन सुरू केल्यावर पहिले काही दिवस झोप येते, ती सहसा ओसरते. आजींना आकडे जमत नसतील तर "रुपयात किती आणे दुखतंय?" चालेल. मग रोज आण्यातच विचारा.

दहापैकी चार किंवा त्याहून जास्त आकडा आला तर त्याच दिवशी नर्सला किंवा डॉक्टरांना कळवा, सातच्या पुढे लगेच. नुसतं लिहून ठेवलं तर रुग्ण सांगणंच बंद करतो. दुखण्याच्या आकड्याशेजारी मॉर्फिनचे जादा डोस किती लागले आणि पोट शेवटचं कधी साफ झालं, हेही लिहा. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच. पोट तटतटून दुखत असतं आणि डोस वाढत जातो, हा घोळ नेहमीचा.

बोलणं बंद झालं असेल तर श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि धीर दिल्यावरही शांत न होणं, यांना प्रत्येकी ० ते २ द्या. हे कूस बदलताना पाहा. निपचित पडलेला माणूस शांतच दिसतो.

हातपाय गार, गुडघ्यांवर जांभळट चट्टे, लघवी कमी, श्वासात मध्येच खंड, ही अखेर जवळ आल्याची लक्षणं दिसली की नऊ प्रश्न थांबवा. दर चार तासांनी दुखणं, धाप, तगमग आणि घशातली घरघर एवढंच पाहा. घरघर ऐकवत नाही, पण कपाळावर आठी नसेल तर त्रास बहुधा ऐकणाऱ्यांनाच होत असतो. कुशीवर वळवा. चमच्याने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं; ओठ ओल्या कापसाने पुसा. गंगाजल द्यायचंच असेल तर कापूस त्यातच भिजवा.

मरण कसं आलं हे मोजायचं, तर माणसाची इच्छा आधी माहीत हवी: घरी की दवाखान्यात, जवळ कोण, काय अजिबात नको. शुद्ध असतानाच विचारून लिहून ठेवा. नंतर घरच्यांशी बोलायचं ते तेराव्याच्या आत नको, दीड-दोन महिन्यांनी. दुखणं, धाप, स्वतः जेवता येणं अशा प्रत्येक बाबीत दोन प्रश्न विचारा: हे किती वेळा घडलं, आणि त्या अनुभवाला दहापैकी किती गुण? स्वतःच्या हाताने जेवता न येणं एखाद्याला फारसं खुपत नाही, दुसऱ्याला तेच सर्वात जास्त लागतं. उत्तर रात्री उशाशी जागलेल्याकडूनच घ्या. अखेरच्या दिवशी परगावाहून पोचलेल्याला आधीचा आठवडा माहीत नसतो.