कुशीवर वळताना खोली फिरते? मान वळवण्याआधी कान ठरवा

पहाटे कूस बदलली, खोली भिंगरीसारखी फिरली, अर्ध्या मिनिटात थांबली आणि उठून बसताना पुन्हा फिरली. असं कोणी सांगितलं की मी विचारते, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली की होतं का? आणि डोकं स्थिर ठेवलं की थांबतं का? दोन्हीला हो आलं, तर बहुतेक वेळा तो आतल्या कानातल्या कणांचा त्रास असतो. डॉक्टर त्याला बीपीपीव्ही म्हणतात.

नऊ वर्षांत आईला तो सात वेळा झाला. पहिल्या वेळी मानेचा मणका झिजलाय असं सांगून तिला दोन महिने गळ्यात पट्टा घालायला लावला होता. पित्त, अशक्तपणा, मीठ-साखरेचं पाणी, सगळं झालं. त्यातल्या कशानेही कण हलत नाहीत. उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणं ही घेरी. तिचं मूळ बहुधा रक्तदाबात असतं. खोली गरगर फिरणं ही वेगळी गोष्ट आहे.

आतल्या कानात यूट्रिकल नावाची एक पिशवी असते. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात. शिंपल्यात असतो तोच हा पदार्थ. वय वाढलं, डोक्याला मार बसला किंवा बरेच दिवस अंथरुणात गेले की हे कण सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत घरंगळतात. नळ्या तीन, त्यांतली मागची सगळ्यांत खालच्या पातळीला, म्हणून बहुतेकदा कण तिथेच जातात. डोकं हललं की कण घसरतात, नळीतलं पाणी ओढलं जातं आणि डोकं फिरतंय अशी खोटी बातमी मेंदूला पोचते. कण तळाशी बसले की बातमी थांबते. चक्करेच्या गोळीने मळमळ कमी होईल, कण पिशवीत परत जाणार नाहीत. त्यासाठी डोकंच ठरावीक क्रमाने फिरवावं लागतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या डॉ. जॉन एपली यांनी 1992 साली हा क्रम प्रसिद्ध केला.

पहिल्यांदाच त्रास होत असेल तर निदान कान-नाक-घसा तज्ज्ञाकडूनच करून घ्या. बोलणं अडखळतंय, एकाच्या दोन वस्तू दिसतायत, हात-पाय लुळा पडतोय, चालताच येत नाही, कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, किंवा गरगर तासन्‌तास थांबत नाही, यांतलं काहीही असेल तर घरी एक मिनिटही घालवू नका, थेट रुग्णालयात जा. अचानक ऐकू येईनासं झालं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मानेची शस्त्रक्रिया, मानेचा संधिवात, मानेच्या रक्तवाहिनीतला अडथळा किंवा डोळ्याचा पडदा सुटलेला असेल तर खालचं काहीही स्वतःच्या मनाने करायचं नाही.

आता कान ठरवायचा. सगळी चूक इथेच होते, आणि मीही इथेच चुकले. "डाव्या कुशीवर होतं," असं आई म्हणाली म्हणून तीन दिवस मी डाव्या कानाची कसरत करत राहिले. ती ओकून ओकून थकली. दोष उजव्या कानात होता. ती नेहमी डाव्या कुशीवरून उठते, त्यामुळे उठताना फिरलेलं तिला डावीकडचं वाटायचं. खोली कुठल्या दिशेने फिरली, कुठल्या कानात आवाज येतो, कुठल्या कानाने कमी ऐकू येतं, यावरून कान ठरवू नका. चाचणी करा.

पलंगावर पाय लांब करून बसवा. आडवं झाल्यावर उशी खांद्यांखाली येईल अशी ठेवा. डोक्याखाली नाही, खांद्यांखाली. डोकं किंचित मागे लोंबलं पाहिजे. मान एका बाजूला 45 अंश वळवा आणि त्याच स्थितीत झटकन, पण आधार देऊन, मागे निजवा. सावकाश निजवलं तर कण हलत नाहीत आणि दोषी कानही निर्दोष ठरतो. मग थांबा. गरगर लगेच सुरू होत नाही, काही सेकंद जातात. मी तिसऱ्या सेकंदाला "काही नाही" म्हणून उठवायचे. पूर्ण 30 सेकंद मोजा.

डोळे उघडेच हवेत. आई घट्ट मिटून घ्यायची, आणि खरी साक्ष तर डोळ्यांचीच असते. दोषी कान जमिनीकडे असला की बुबुळं त्याच कानाकडे पिळल्यासारखी फिरतात आणि कपाळाकडे उसळतात. मोबाइलवर चित्रण करा. डॉक्टरांना दाखवायलाही उपयोग होतो. लागोपाठ चाचणी केली तर गरगर मंदावते आणि फसगत होते, म्हणून कमी संशयाची बाजू आधी पाहा आणि मध्ये दोन मिनिटं बसवून ठेवा. ज्या बाजूला गरगरलं तो खालचा कान दोषी. दोन्हीकडे झालं तर जिथे जोर जास्त, तो आधी.

पुढचं सोपं. उजवा कान धरून सांगते. डाव्यासाठी बाजू उलट करा.

मान उजवीकडे ठेवून वरच्यासारखंच निजवा. गरगर थांबल्यावर आणखी 30 सेकंद.

डोकं न उचलता मान डावीकडे, पलीकडच्या 45 अंशांपर्यंत. 30 सेकंद.

आता अख्खं अंग डाव्या कुशीवर, आणि अंगाबरोबर डोकंही, नाक तिरकं जमिनीकडे. अंग वळताना मान मागे राहिली तर कण परत फिरतात. 30 सेकंद.

हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या कुशीवरून उठवून बसवा. या वेळी पुन्हा झोक जातो, खांदे धरून ठेवा.

त्या रात्री बसून झोपा, दोन दिवस मान वाकवू नका, हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. त्याची गरज नाही. मात्र उरलेला दिवस थोडं डुगडुगल्यासारखं वाटेल. जिना एकट्याने उतरू नका, गाडी चालवू नका.

दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करा. फिरलं नाही तर थांबा, सवय म्हणून रोज करत बसू नका. फिरलं तर कसरत पुन्हा. तीन दिवसांनीही तसंच असेल तर तज्ज्ञाकडे जा. डोळे पिळण्याऐवजी आडवे, कानाकडून कानाकडे सरकत असतील, तर कण बहुधा आडव्या नळीत आहेत. तिची कसरत वेगळी असते आणि ती तज्ज्ञाकडूनच करून घ्यायची.