हातउसने दिलेले पैसे परत कसे मागायचे

ओळखीत पैसे द्यायचेच नाहीत असा सल्ला देणाऱ्यांना बहुतेक रात्री साडेदहाला 'अगं बाबांना अ‍ॅडमिट केलंय, हॉस्पिटलवाले डिपॉझिट मागतायत' असा फोन कधी आलेलाच नसतो. दुसरा सल्ला तर त्याहून भारी, 'दिले की विसरून जायचं, परत आले तर बोनस'. म्हणजे पगार आपला आणि विसरायचं पण आपणच! अडीनडीला माणसं एकमेकांना हातउसने देतात आणि देणारच, खरी दातखीळ बसते ती परत मागताना. ऑफिस, सोसायटी, माहेरची मंडळी, सगळीकडे हे करून झालंय म्हणून लिहिते.

देताना

रोख देऊ नका, यूपीआय करा आणि रिमार्कमध्ये 'हातउसने' लिहा. रक्कम मोठी असेल तर रोखीचा विषयच नको, कारण २०,००० रुपये किंवा त्याच्या वरचे उसने रोखीत घेणं आणि रोखीत फेडणं हे आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड त्या रकमेएवढाच होऊ शकतो. 'कधी जमेल परत द्यायला' हे तेव्हाच विचारा, नंतर नाही. गरजेच्या वेळी माणूस तारीख स्वतःहून सांगतो.

तारीख यायच्या आधी

गप्प बसा.

तारीख गेल्यावर

इथे सगळे अडकतात, मी पण बरीच वर्षं अडकायचे. तीन-चार दिवस थांबा, पण महिनाभर नको. जितका उशीर कराल तितके ते पैसे समोरच्याच्या डोक्यात त्याचेच होऊन बसतात आणि मग तुम्ही मागितले की जणू काही तुम्हीच उधार मागायला आलात असा चेहरा होतो.

टोमणे मारू नका. तिने महाबळेश्वरचे फोटो टाकले की खाली 'मजा आहे बाई एका माणसाची' लिहायचं आणि आपल्याला वाटतं तिला कळलं असेल. तिला कळत नाही, किंवा कळतं आणि ती नुसता हार्ट टाकते. ग्रुपवर मागू नका, चारचौघात मागू नका, आणि तिने घेतले असतील तर तिलाच मागा, तिच्या नवऱ्याला नाही, त्याला माहीत असेलच असं नसतं आणि मग त्यांच्या घरातलं भांडण तुमच्या नावावर जमा होतं. यूपीआयवरून पैशाची रिक्वेस्ट टाकायची सोय ओळखीतल्या व्यवहारांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय, फसवणूक थांबवायला केली पण त्या निमित्ताने हा उद्धट प्रकारही संपला.

आता सगळ्यात वाईट सवय, ती म्हणजे आपल्याच पैशासाठी कारण सांगणं. 'अगं माझा पण गाडीचा हप्ता आलाय ना, म्हणून म्हटलं...' असलं काही बोलायचंच नाही! कारण दिलं की बोलणं तुमच्या कारणावर घसरतं. एका कलीगला मी 'मुलाची फी भरायचीय गं' म्हटलं होतं तर ती मला म्हणाली, 'अगं फी हप्त्यात घेतात की, शाळेच्या ऑफिसात विचार ना'. माझेच बारा हजार आणि हप्त्याची सोय मीच बघायची! पैसे तुमचे आहेत एवढं कारण पुरतं.

मग मेसेज काय करायचा? असा:

'मार्चमध्ये १२,००० दिले होते ना, तू दहा तारीख म्हणाली होतीस. या रविवारपर्यंत पाठवशील का?'

रक्कम, ठरलेली तारीख, नवी तारीख, बास. 'सॉरी हं', 'तसं काही नाही, सहज आठवलं', 'घाई नाही पण' हे सगळं खोडा, विशेषतः 'सावकाश दे' हे तर कधीच लिहू नका, लोक ते अगदी मनावर घेतात. मोठ्या माणसांना पण हेच, फक्त अहोजाहो करून, 'काकू, गणपतीच्या वेळचे ५,००० होते ना, ते रविवारपर्यंत पाठवाल का?' काकू रागावत नाहीत, आपल्यालाच उगाच वाटतं. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते काय उगीच नाही.

मेसेजला उत्तर आलं नाही तर दोन दिवसांनी फोन करा, तेच वाक्य बोला आणि मग तोंड बंद ठेवा. हे फार अवघड आहे. समोरून पाच सेकंद आवाज येत नाही आणि आपण घाबरून 'नाहीतर पुढच्या महिन्यात दे गं' म्हणून मोकळ्या होतो. थांबा. त्या शांततेत तिला बोलू द्या.

'बघते गं' असं उत्तर आलं तर

'बघते' म्हणजे नाही. लगेच विचारा, 'आत्ता किती जमतील?' दोन हजार म्हणाली तर दोन हजार घ्या, तोंड वाकडं न करता, आणि लगेच मेसेज टाका, 'दोन आले, दहा राहिले, दर महिन्याला पाच तारखेला दोन-दोन चालतील'. खरंच अडचणीत असलेल्या माणसाला हे बरंच वाटतं, कारण एकदम बारा द्यायची लाज सुटते. टाळणारा असेल तर दुसऱ्याच महिन्यात कळतं.

रक्कम मोठी असेल तर एवढं लक्षात ठेवा की उसने दिलेल्या पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, ती संपायच्या आत समोरच्याने सही करून लेखी कबुली दिली तर मुदत तिथून नव्याने मोजतात. लाखाच्या पुढे असेल तर वकिलाला विचारा, पाच-दहा हजारासाठी कोर्ट कोणी चढत नाही आणि तिकडे बोट दाखवून धमकावूही नका, हसं होतं.

पैसे आल्यावर

'मिळाले, हिशोब पूर्ण' एवढंच लिहा. किती महिने लागले, किती फोन करावे लागले हे भिशीत बाकीच्यांना सांगायचं नाही, अगदी हसत हसत पण नाही. तीच व्यक्ती पुन्हा मागायला आली तर मी आधी वेळेवर फेडलंय का ते बघते, फेडलं असेल तर तेवढेच देते, रखडवलं असेल तर निम्मे, आणि निम्मेच का असं विचारलं तर सरळ सांगते.