गाडीत ॲपवर चालणारा हॅम रेडिओ बसवताना

हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संदेशवहनाचा रेडिओ. त्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना आणि कॉल साइन (परवानाधारकाचे ओळखचिन्ह) हाती आल्याशिवाय प्रक्षेपणाचे बटण दाबू नये. मुख्य यंत्र सीटखाली, हवा खेळेल अशा जागी बसवून मोबाइलमधील ॲप ब्लूटूथने जोडावे. हा दुवा मोबाइलच्या रेंजवर अवलंबून नसल्याने खानापूरहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटात जाताना रेंज गेली तरी रेडिओ हाताळता येतो, आणि मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. अर्थात, डोंगर आड आल्यावर व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या लहरींवरील) संदेशही क्षीण होतात.

सर्वाधिक काळजी वीजजोडणीची घ्यावी. 50 वॅटचा रेडिओ बोलताना साधारण 10 अँपिअर किंवा अधिक प्रवाह ओढतो, म्हणून सिगारेट लायटरच्या सॉकेटऐवजी थेट बॅटरीपासून जाड वायर आणावी आणि फ्यूज बॅटरीजवळच बसवावा. दोन मीटर बँडचा (सुमारे दोन मीटर तरंगलांबीच्या लहरींच्या पट्ट्याचा) पाव तरंगलांबीचा अँटेना सुमारे 50 सेंटिमीटरचा असतो. तो धातूच्या टपाच्या मध्यभागी लावून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचे माप) दोनच्या खाली असल्याची खात्री करावी.

ॲपमधील चॅनेल या बँडच्या 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या मर्यादेत घरीच साठवावेत. निपाणीच्या महामार्गावर गाडी चालवत असताना पडद्याकडे पाहणे धोक्याचे आहे. चॅनेल बदलायचाच असल्यास गाडी बाजूला थांबवावी.