ऑनलाइन कन्सल्टेशन सुरू करताय? ॲप नंतर बघा, आधी केसपेपर नीट लावा

मी डॉक्टर नाही, तीन डॉक्टरांच्या एका क्लिनिकचा कारभार बघतो. ऑनलाइन सुरू करायचं म्हटलं की सगळे आधी ॲप शोधायला बसतात, व्हिडिओ नीट दिसतो का, पेमेंटची लिंक येते का वगैरे. नियमांना त्याचं फार काही पडलेलं नाही. 25 मार्च 2020 ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाईडलाईन्स (फोन-व्हिडिओवरून पेशंट तपासायचे सरकारी नियम) आल्या, त्यात साधा फोन, चॅट, व्हॉट्सॲप सगळं चालतं असं लिहिलंय. पण नंतर त्या डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेला जोडल्या, म्हणजे मोडल्या तर थेट डॉक्टरच्या रजिस्ट्रेशनवर येऊ शकतं.

1) रजिस्ट्रेशन नंबर. प्रत्येक डॉक्टरचं मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का ते स्वतः बघा, महाराष्ट्रात दर 5 वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि हे हमखास राहून जातं. तो नंबर चिठ्ठीवर, पावतीवर, वेबसाईटवर, व्हॉट्सॲपच्या मेसेजवर, सगळीकडे दिसला पाहिजे. तुमची साईट बऱ्याच डॉक्टरांची असेल तर प्रत्येकाचं नाव, डिग्री, नंबर आणि संपर्क टाकायचा. आणि हो, साईटवर चॅटबॉट लावला असेल तर त्याने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध तर अजिबात नाही. प्लॅटफॉर्मने नियम मोडले तर ब्लॅकलिस्ट करायची तरतूद आहे. (हे सगळं ॲलोपॅथीचं, आयुर्वेद-होमिओपॅथीच्या गाईडलाईन्स वेगळ्या आहेत.)

2) समोर कोण आहे आणि त्याची संमती. नाव, वय, पत्ता, फोन विचारून लिहून घ्या. पेशंटने स्वतः फोन केला तर संमती धरली जाते. पण आपल्याकडे फोन करतो कोण? मुलगा पुण्यात, आई गावी, आणि मुलगा ऑफिसच्या जिन्यात उभं राहून सांगतो की आईचा बीपी वाढलाय, गोळी बदलून द्या. इथे आमचा घोळ झाला होता, मुलाने आधीची चिठ्ठी सुद्धा वाचून दाखवली, डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि आईंनी ती जुनी गोळी दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती हे कुणाला माहीतच नाही! नशीब मेडिकलवाल्याने उलटा फोन केला. तेव्हापासून आमचा नियम एकच, आईंना लाईनवर घ्या. त्या नसतील तर त्यांच्या सहीचं पत्र, किंवा नात्याचा तपासलेला कागद. 'मी टेलिमेडिसिनने सल्ला घ्यायला तयार आहे' एवढं पेशंटने टाईप केलं किंवा बोलून पाठवलं तरी पुरतं, फक्त ते केसपेपरला लावून ठेवा. लहान मूल असेल तर सोबत मोठं माणूस पाहिजेच.

3) औषधं. गाईडलाईन्समध्ये औषधांच्या ओ, ए, बी अशा याद्या आहेत, रिसेप्शनच्या काचेखाली त्या ठेवल्यात. ओ लिस्ट म्हणजे पॅरासिटामॉल, ओआरएस वगैरे, कशावरही चालतं. ए लिस्ट, उदाहरणार्थ त्वचेचं क्लोट्रिमाझोल मलम, पहिल्यांदाच देत असाल तर व्हिडिओवर बघूनच. चालू असलेल्या मेटफॉर्मिनचा (मधुमेहाची गोळी) रिफिल फॉलोअपमध्ये देता येतो. बी लिस्ट म्हणजे चालू उपचारात भर घालायची औषधं, ती फक्त फॉलोअपला, आणि फॉलोअप म्हणजे त्याच आजारासाठी 6 महिन्यांच्या आत पेशंटला समोर तपासलेलं असलं पाहिजे. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातल्या औषधांची यादी) आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं, मॉर्फिन, कोडीन, ऑनलाइन नाहीच, पेशंट कितीही ओळखीचा असो. इमर्जन्सी वाटली तर प्रथमोपचार सांगा आणि लगेच हॉस्पिटलला पाठवा.

4) चिठ्ठी आणि पावती. सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-प्रिस्क्रिप्शन पेशंटच्या नंबरवरच पाठवायची. परस्पर मेडिकलवाल्याला पाठवायची असेल तर आधी पेशंटला विचारा. फी प्रत्यक्ष तपासणीसारखीच घेता येते, पण पावती द्यायचीच.

5) रेकॉर्ड. कॉल कधी झाला, फोनवर की व्हिडिओवर, काय रिपोर्ट आले, काय दिलं, एवढं लिहिलेलं असलं की निम्मी काळजी मिटते. रिसेप्शनवरच्या ताईंच्या पर्सनल मोबाईलमध्ये पेशंटचे रिपोर्ट राहू देऊ नका, गॅलरीत मुलांच्या वाढदिवसाचे फोटो आणि मध्येच कुणाचातरी एचआयव्ही रिपोर्ट, हे मी बघितलंय. क्लिनिकचा वेगळा फोन घ्या, पासवर्ड ठेवा. 2023 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात डेटा नीट सांभाळला नाही तर दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात आलेत, मुख्य जबाबदाऱ्यांना 18 महिन्यांची मुदत आहे, पण फोन आजच वेगळा करता येतो.

दिवाळीनंतर एक प्रश्न हमखास येतो. काकू लेकीकडे न्यू जर्सीला गेल्यात, तिथून व्हिडिओ कॉल लावलाय, डॉक्टर आपले नेहमीचेच. या गाईडलाईन्स भारताबाहेरच्या कन्सल्टेशनला लागू नाहीत, तिथे तिथला कायदा आणि तिथलं लायसन्स. त्यामुळे आम्ही काकूंची विचारपूस करतो, जुन्या चिठ्ठ्यांची पीडीएफ पाठवतो आणि तिथल्या डॉक्टरला दाखवा म्हणतो. काकू रागावतात.