व्हेक्टर ड्रॉइंगला पर्स्पेक्टिव्ह देताना या चुका टाळा

इंकस्केपमध्ये (रेषा-वक्रांची म्हणजे व्हेक्टर चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) पर्स्पेक्टिव्ह देताना, म्हणजे लांबचं लहान दाखवताना, सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्क्यू करून, आकार नुसता तिरका ढकलून, मोकळं होणं. स्क्यूमध्ये समांतर रेषा समांतरच राहतात, लांबची बाजू लहान होतच नाही, मग खोली येणार कुठून? आयसोमेट्रिक ड्रॉइंगला (त्यात लांबचं लहान होत नाही) स्क्यू चालतं, लांब जाणाऱ्या भिंतीला नाही. एसव्हीजीच्या (इंकस्केपचा फाईल फॉरमॅट) मॅट्रिक्समध्ये, म्हणजे आकार हलवायच्या-तिरका करायच्या गणितात, आकडे सहाच, त्यात पर्स्पेक्टिव्ह बसत नाही, म्हणून तर इंकस्केपचं पर्स्पेक्टिव्ह एक्स्टेन्शन थेट पाथचे (रेषेचे) नोड, म्हणजे तिच्यावरचे बिंदू, हलवतं.

आता चौकोन, ज्यात हे एक्स्टेन्शन आपलं ड्रॉइंग बसवतं. यावर मी खरंच वैतागले आहे. आधी जे बदलायचं तो पाथ सिलेक्ट करायचा, मग शिफ्ट दाबून चार नोडचा चौकोन, आणि चौकोनाचा पहिला नोड खाली डावीकडे, तिथून वर, मग उजवीकडे, मग खाली. शिकणाऱ्या एकाने मला फाईल पाठवली, इमारतीच्या भिंतीवर नाव लावायचं होतं. त्याने रेक्टँगल टूलने चौकोन काढून पाथ केला, कोपरे भिंतीला जुळवले, पण त्या पाथची सुरुवात वर डावीकडून होते त्यामुळे अक्षरं आडवी पडली. नोड तपासायचे सोडून पठ्ठ्याने सगळं फिरवून सरळ केलं. झालं काय, अक्षरं खाली रुंद, वर अरुंद, म्हणजे भिंत उभी आणि नाव जमिनीवर पसरल्यासारखं, आणि मग तो इमारतीच्याच रेषा बदलत बसला! दोन मिनिटं वाचवायला गेलं की असं होतं. मी दर वेळी पेन टूलने खाली डावीकडून नवा चौकोन काढते, जुना दुरुस्त करत बसत नाही.

टेक्स्ट आधी पाथ करा, पण मूळ टेक्स्टची कॉपी ठेवाच, स्पेलिंग शेवटीच बदलतं.

स्ट्रोकची, म्हणजे काढलेल्या रेषेची, जाडी लांब जाताना कमी होत नाही, त्यामुळे स्ट्रोक टू पाथ (रेषेचाच भरीव आकार करणं) आधी.

खिडक्या, फरशा अशा ओळींसाठी एन्व्हलप (चौकोनात आकार ताणून बसवणारं दुसरं एक्स्टेन्शन) नको, त्यात अंतरं सारखीच राहतात, पर्स्पेक्टिव्हमध्ये ती लांब जाताना कमी व्हायला हवीत. अंदाजाने सरकवू पण नका, कर्ण काढा, ते छेदतात तोच भिंतीचा खरा मध्य, मग अर्ध्याचे पुन्हा कर्ण.

गोल आकार वेडावाकडा आला तर आधी आणखी नोड घालून परत करा, चारच नोडवर वक्र नीट बसत नाही.